उडीच्या खड्ड्यातली हळद

रविवार, ५ नोव्हेंबर १९६७. मंजूर रक्कम रुपये पंचाहत्तर. हजर चौघे: मैदान समितीचे अध्यक्ष असलेले डॉक्टर, गावच्या तालमीचे वस्ताद, शिबिराचे कोचसाहेब आणि खजिनदार म्हणून मी. चिटणीस दिवाळीसाठी सासुरवाडीला गेले होते. दिवाळी संपली होती, पण त्यांचा फराळ संपायचा होता.

ठराव असा झाला, की लोणावळ्याच्या मैदानावर राष्ट्रीय शिबिरातल्या खेळाडूंसाठी लांब उडीचा एक खड्डा खणावा. लांबी बारा फूट, रुंदी नऊ फूट, खोली दीड फूट. पडणाऱ्याला लागू नये असा मऊ भराव त्यात करावा, आणि शिबिर उठल्यावर तो खड्डा गावाच्या उपयोगी पडावा. खणण्याचं आणि भरण्याचं काम वस्तादांनी आपण होऊन अंगावर घेतलं. मजुरी नको म्हणाले. रक्कम फक्त सामानाची. खजिनदाराला याहून गोड ठराव कोणता असणार? मी सही करून मोकळा झालो.

वाळू हा शब्द त्या बैठकीत कोणीच उच्चारला नाही. उडीच्या खड्ड्यात वाळू असते हे कोचसाहेबांना इतकं ठाऊक होतं, की ते सांगायची त्यांना गरज वाटली नाही. आणि माणसाने अंगावर पडायची जागा कशी करावी हे वस्तादांना इतकं ठाऊक होतं, की ते विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

मी तेव्हा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होतो. दिवसभर पोती मोजायची आणि संध्याकाळी मैदान समितीचा हिशेब लिहायचा, असा माझा क्रम होता. देशभरातून निवडलेले चाळीसएक धावपटू, फेकणारे आणि उड्या मारणारे सहा आठवडे आमच्या गावात राहणार, याचं मोठं कौतुक होतं. मुलांची सोय धर्मशाळेत आणि मुलींची शाळेच्या हॉलमध्ये. डॉक्टरांनी एकच अट घातली होती: मैदान गावाला बंद करायचं नाही. त्यामुळे फाटकावर पाटी लागली. सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी चार ते सहा मैदान शिबिराचं, बाकी सगळा वेळ सगळ्यांचं.

पाटी वाचता येणाऱ्यांनीच ती कमी पाळली. मुंबईहून हवापालटाला आलेले एक शेठ माकडटोपी घालून बरोबर साडेसहाला पहिल्या पट्ट्यातून चालायला लागत. मागून देशातला सगळ्यात वेगवान माणूस येतो आहे, हे त्यांना सांगितलं तर म्हणत, त्याला घाई असेल तर त्याने बाजूने जावं. डोंगरावरच्या वाडीतली एक मावशी रोज डोक्यावर ताकाचा हंडा घेऊन मैदान तिरकं ओलांडून बाजारात जाई. तिच्यासाठी भालाफेकवाले थांबत. ती पलीकडे पोहोचली की त्यांना हात करी, म्हणजे आता फेका.

खड्ड्याला जागा मिळणं सोपं नव्हतं. आमच्या मैदानाखाली वीतभर मुरूम आणि मग काळा पाषाण. तालमीतल्या पठ्ठ्यांनी चार ठिकाणी पहारी वाकवल्या, तेव्हा पिंपळाच्या अंगाला एकच जागा दीड फूट खोल गेली. मग वस्ताद कामाला लागले. त्यांना सगळं गाव आबा म्हणे. मूळचे वडिवळ्याचे, घरची भातशेती भावाकडे सोपवून तालमीसाठी गावात राहिलेले. मान खांद्यातच बसवल्यासारखी आणि कान मुरगळून ठेवलेले, पण बोलणं अगदी हलक्या आवाजात. त्या पावसाळ्यात तालमीचं छप्पर गळून कुस्तीच्या हौद्यातली माती वाहून गेली होती आणि पठ्ठे चार महिने नुसत्या बैठका मारत होते. शिबिर उठल्यावर हा खड्डा गावाचा, हे ठरावातलं वाक्य आबांनीच घालून घेतलं होतं, ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

पंधरा दिवसांत त्यांनी खड्ड्यात जे भरलं ते असं: तांबडी माती, दोन वेळा चाळलेली; दोन किलो हळद; पाच लिटर गोडं तेल; लिंबांची एक पाटी; कापूर; आणि ताक. ताकाचा हंडा घेऊन जाणाऱ्या मावशीला ते वाटेतच अडवत आणि हंडा खड्ड्यात उपडा करायला लावत. तिने पहिल्या दिवशी विचारलं, आबा, पैलवान हायेत तरी किती तुमचे? एवढं ताक तर लग्नात बी लागत न्हाई. आबा म्हणाले, पैलवान न्हाईत, उड्या मारनारे हायेत. मावशीने त्यावर विचार केला आणि दुसऱ्या दिवसापासून ताक जरा आंबट आणू लागली. उड्या मारणाऱ्यांना तेच बरं, असा तिचा समज होता.

हळदीची पावती घरी आली तेव्हा बायकोने ती वाचली. समितीची हळद आपल्या डब्यातल्या हळदीपेक्षा चांगल्या प्रतीची आहे, एवढंच ती म्हणाली. पुढचे आठ दिवस माझ्या पानातली आमटी पांढुरकी होती.

शेवटी आबांनी खड्ड्याच्या कडेला एक दगड रोवला, त्याला शेंदूर लावला, मारुतीची तसबीर टेकवून ठेवली आणि नारळ फोडला. पठ्ठ्यांनी फावड्याने माती उकरून मोकळी केली. खरं सांगायचं तर काम देखणं झालं होतं. पिवळसर तांबडी, मऊसूत माती. मूठ भरली तर लाडू वळावा अशी.

कोचसाहेब उत्तरेकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. पहिल्या सकाळी त्यांनी दक्षिणेकडचा एक उंच मुलगा उडीला सोडला. तो हवेत सुंदर तरंगला, खड्ड्यात उतरला आणि उठला तेव्हा कमरेपर्यंत पिवळा होता. त्याने हात हुंगला, मग दुसऱ्याला हुंगायला दिला. थोड्या वेळात सगळं शिबिर खड्ड्याभोवती उभं राहून एकमेकांचे हात हुंगत होतं. कोचसाहेबांनी डॉक्टरांना बोलावून घेतलं. हळदीने जखम चिघळत नाही, असं डॉक्टरांनी त्यांना शास्त्रीय शब्दांत सांगितलं. ताकाबद्दल विचारलं तेव्हा मात्र त्यांना अचानक एक रोगी आठवला आणि ते गेले.

गंमत म्हणजे कोचसाहेबांना तक्रार करता येईना. त्या मातीत टाचेची खूण इतकी स्वच्छ उमटे, की मोजपट्टी लावायला अडचणच नव्हती. कोणाच्या पायाला साधं खरचटलंही नाही. संध्याकाळी धर्मशाळेच्या नळावर पिवळं पाणी वाहायचं आणि माश्या जरा जास्त यायच्या, इतकंच. दोन-तीन दिवसांत खेळाडूंना सवय झाली.

एक मुलगी मात्र उडी मारीना.

ती कृष्णाकाठच्या एका खेड्यातली, सतराएक वर्षांची. संपूर्ण शिबिरात मराठी बोलणारी ती एकटीच. वजन घेऊन पळण्यात, बैठकांत, छोट्या अंतरात ती कधी मागे नसे. उडीची पाळी आली की जोरात धावत यायची, पाय टेकून उडायच्या फळीपर्यंत सगळं बरोबर, आणि मग फळीच्या अलीकडे एकदम डावीकडे वळून पिंपळाच्या पलीकडे जाऊन थांबायची. पहिल्यांदा वाटलं पाऊल चुकलं. नंतर ती म्हणाली पाय दुखतो. डॉक्टरांनी पाय तपासला आणि सांगितलं, की असे दोन पाय मला मिळाले तर मी स्वतः शिबिरात नाव घालीन.

कोचसाहेब चिडले. लांब उडीच्या दोन मुली निवडायच्या होत्या आणि शिबिरात तिघी होत्या. निवडीची चाचणी शेवटच्या रविवारी. तोपर्यंत हिने एकही उडी मारली नाही, तर तिचं नाव ते तिथेच खोडणार होते. ते मला म्हणाले, “यह लड़की यहाँ कूदने आई है या उस पेड़ के फेरे लेने?”

तिला शिबिरातला पाव गळ्याखाली उतरत नसे, म्हणून बायको अधूनमधून तिला भाकरीला बोलावी. एका संध्याकाळी चुलीपाशी ती रडली आणि सगळं बोलली. तिचे वडील जत्रांच्या फडात कुस्त्या लढलेले. गावात घराशेजारीच तालीम. लहानपणी एकदा चेंडू आणायला ती हौद्याच्या कडेवर चढली, तर आजोबांनी तिला उचलून घरी आणलं होतं. बाईमाणसाने हौद्यात पाय टाकायचा नाही, आणि कोणीही चप्पल-बूट घेऊन तर नाहीच. धावायला पाठवतानाही वडिलांनी सहा महिने घोळ घातला होता. कडेला मारुती ठेवलेल्या हळदीच्या मातीत आपली मुलगी खिळ्यांचे बूट घालून उतरली, हे त्यांच्या कानावर गेलं असतं तर तिचं धावणं तिथेच संपलं असतं. आणि उतरली नाही तर कोचसाहेब संपवणार होते.

बायकोने मला सांगितलं, मी डॉक्टरांना, डॉक्टरांनी कोचसाहेबांना. कोचसाहेब म्हणाले, मारुतीची तसबीर उचलून आत ठेवा, विषय संपला. मुलीला ते सांगितलं तर ती म्हणाली, तसबीर उचलली म्हणून हौद्याचा हौदा राहत नाही का? दुसरा खड्डा खणायचा तर खाली पाषाण. भराव बदलायचा तर ही सव्वाशे-दीडशे मण माती टाकायची कुठे, आणि ती टाका असं आबांना सांगायचं कोणी? हा शेवटचा प्रश्न आला की समितीची बैठक संपायची. ज्या मातीसाठी माणसाने पंधरा दिवस लिंबं पिळली होती, ती काढा म्हणायला कोणाची जीभ रेटेना.

सांगितलं अखेर त्या मुलीनेच. एक दिवस दुपारी, मैदान सगळ्यांचं असण्याच्या वेळात, आबा खड्ड्याच्या कडेला बसून ओंजळीत माती घेऊन पाहत होते. मी मालधक्क्यावरून जेवायला घरी निघालो होतो. ती अनवाणी आली, दोन पावलं दूर थांबली, वाकून कडेच्या मातीला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

आबांनी मान वर केली. त्यांची मान वर होणं ही सावकाशीने घडणारी गोष्ट होती.

“तू ती व्हय, उडी न मारनारी?”

“व्हय आबा.”

“भ्या वाटतंय?”

“भ्या न्हाई. हौद्यात बूट घालून कशी जाऊ?”

आबांनी ओंजळ रिकामी केली. “हौदा कुनी सांगितलं तुला?”

“सांगायला कशाला पायजे? वास येतोय की. तेल जरा जास्त झालंय, पर माती लय भारी हाय. आमच्या गावची इतकी मऊ न्हाई.”

 आबा माझ्याकडे वळून म्हणाले, “बघा खजिनदार. देशभरातनं मानसं आली. कुनी म्हनलं चिखल हाय, कुनी म्हनलं वास येतो, कुनी म्हनलं डाग जात न्हाईत. ह्या एका पोरीला माती कळली, आन् तिलाच हितं पाय टाकाया येईना.”

मग तिला विचारलं, “वाळू दिली तर पडशील?”

“कितीबी लांब पडंन.”

“मग माती मी नेतो. तेल जास्त झालंय म्हनलीस ते तेवढं घरी सांगू नकोस.”

आबांनी ठरवलं की ठरलं. माती तालमीत न्यायची, म्हणजे हौदा हौद्याच्या जागी जाईल. गळक्या छपराचं पाऊस आला की बघू. वडिवळ्याच्या पुतण्याला निरोप गेला. त्याने नदीच्या वाळूचा एक ट्रक ठरवला, दीड ब्रासहून थोडा जास्त. मी मोजून घेतला. पण माती न्यायला ट्रक नको, असं आबांचं म्हणणं पडलं. ती डोक्यावरून गेली पाहिजे.

शनिवारी सकाळी घमेली जमली. तालमीची, बांधकामावरची, दोन आमच्या घरातली. पठ्ठे फावडी घेऊन खड्ड्यात उतरले. पहिलं घमेलं भरलं, तेव्हा ती मुलगी पुढे आली आणि मी उचललं तर चालेल का, असं तिने विचारलं.

“डोक्यावरनं न्यायला कोन नको म्हनतंय?” आबा म्हणाले. “पायाखाली नको, एवढंच.”

पहिलं घमेलं तिने नेलं. तिच्यामागे दोघे पठ्ठे, त्यांच्यामागे तो दक्षिणेकडचा उंच मुलगा. मैदानापासून बाजारामागच्या तालमीपर्यंत माणसांची रांग लागली. कोणीतरी हलगी आणली. कोचसाहेब आधी घड्याळ पाहत एका बाजूला उभे होते. मग त्यांच्या ध्यानात आलं, की या मेहनतीने खांदे आणि पाय दोन्ही तयार होत आहेत. त्यांनी शिट्टी काढली आणि गोळाफेकवाल्यांना दोन-दोन घमेली घेऊन धावायला लावलं. धर्मशाळेतल्या मुलांचं बघून बाजारातले हमाल पुढे सरसावले. हमालांनी राष्ट्रीय खेळाडूंना वाट द्यायला साफ नकार दिला, त्यामुळे मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर थोडी कोंडी झाली. माकडटोपीवाले शेठ त्या दिवशी मात्र पाटी पाळून नऊ वाजायची वाट पाहत बसले होते. नऊ वाजले, मैदान सगळ्यांचं झालं, आणि त्यांनीही आपला हक्क म्हणून एक घमेलं उचललं. ते अर्धंच भरलेलं होतं, पण त्यांनी ते तालमीपर्यंत नेलं आणि परत येताना चहा मागितला.

रांगेच्या मध्ये ताकवाली मावशी आली. तिचा हंडा त्या दिवशी कोणी अडवला नाही, म्हणून ती थांबून बघत राहिली. आपलं सगळं ताक डोक्यावरून गावात चाललं आहे, हे तिला कोणीतरी समजावून सांगितलं. ती म्हणाली, मी बी तेच करत हुते की, मदी थांबवलं कशापायी?

दुपारपर्यंत तालमीतला हौदा भरला. मारुती आपल्या जुन्या कोनाड्यात गेला. खड्ड्यात वाळू पडली. चार वाजता, शिबिराच्या वेळेत, ती मुलगी बूट बांधून धावत आली, फळीपाशी वळली नाही, आणि वाळूत जाऊन पडली. मागे वळून न पाहता परत गेली आणि पुन्हा आली. अंधार पडेपर्यंत तिने किती उड्या मारल्या ते मोजायला मी थांबलो नाही. माझी घमेली शोधायची होती. दोनपैकी एकच सापडलं.

दुसऱ्या दिवशी चाचणी होती. मैदानाच्या कडेला निम्मं गाव होतं. वाळूवरच्या सरावाला एकच संध्याकाळ मिळालेली, त्यामुळे तिच्या पहिल्या दोन उड्या बऱ्याच कमी पडल्या. बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला होता, की मला टाळ्या वाजवता येत नव्हत्या. शेवटच्या उडीला ती नेहमीपेक्षाही मागून धावत आली. कोचसाहेबांनी वाकून पट्टी लावली, पुन्हा लावली, आणि नाव लिहिलं. पहिली बंगालकडची मुलगी. दुसरी ही. दोघींची निवड झाली.

आबांच्या अंगात फड संचारला. ते खड्ड्याच्या कडेला उभे राहिले, हात वर केला आणि जत्रेत करतात तसा पुकारा केला: “ह्या उडीला मैदान समितीकडनं पाच रुपये इनाम, आन् नारळ.” हलगी वाजली. समितीला, म्हणजे मला, हे त्याच वेळी कळलं.

पण कोचसाहेब धावत आले. हौशी खेळाडूने रोख पैसे घेतले की तो हौशी राहत नाही, तिची निवड रद्द होईल, हे त्यांनी डॉक्टरांमार्फत आबांना समजावलं. आबांना ते पटायला वेळ लागला. पाच रुपयांत बाद होते तर इतके दिवस तिला उपाशी पळवली कशाला, असं ते विचारत होते. नारळ रोख धरायचा का, यावर थोडा खल झाला. नारळ हे अन्न आहे, असा निर्णय डॉक्टरांनी दिला, आणि तिने तो दोन्ही हातांनी घेतला. घरी वडिलांना द्यायचा म्हणून तो न फोडता पिशवीत ठेवला.

पाच रुपये माझ्या हातात राहिले. ते परत पेटीत टाकायला आबा तयार होईनात. फडात पुकारलेलं इनाम मागे जात नाही, असं ते म्हणाले. मग त्यांची नजर कडेला उभ्या असलेल्या मावशीकडे गेली, आणि त्यांनी हळूच मला विचारलं, “ताकाचं पैसं कुनी दिलं का हो?”

कोणीच दिलं नव्हतं. मी मावशीला विचारलं, एकूण किती लिटर झालं असेल? ती म्हणाली, मोजून ताक कोन देतं व्हय?

त्या संध्याकाळी हिशेब पुरा केला. हळद, तेल, लिंबं, कापूर मिळून रुपये एकतीस, किराणा दुकानदाराला. वाळूचे अडतीस, ट्रकवाल्याला. नारळ साठ पैसे. ताक, माप नाही, रुपये पाच, वाडीवरच्या मावशीला रोख. उरलेले चाळीस पैसे बायकोला दिले, हरवलेल्या घमेल्यापोटी.